दिवसातून तीन बुफे कोणाला हवेत?

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की आपल्या पुरवणीत नागपूरजवळच्या रिसॉर्टांची यादी येते. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, खिंडसी, चिखलदरा. अंतर किती, खोल्या किती, तरणतलाव आहे की नाही, पोरांसाठी घसरगुंडी आहे की नाही, सगळं असतं. जेवणाबद्दल मात्र दोनच शब्द: "भोजन समाविष्ट". नवरा-बायको आणि एक लेकरू जाणार असेल तर तेवढ्यावर भागतं. आमच्यासारखं 22 माणसांचं खटलं निघालं की त्या दोन शब्दांपाशी सगळी सहल अडते. पत्र त्याबद्दल आहे आणि थोडं लांब होणार आहे. आवडेल तिथे कात्री लावा.

मी प्रतापनगरात खानावळ चालवायची. कॉलेजची पोरं, बदलीवर आलेले बँकवाले, परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली, सगळे मला काकू म्हणत. गुडघे बोलायला लागले तशी खानावळ बंद केली, पण माणसं मोजून डाळ भिजवायची सवय गेली नाही. त्यामुळे घरात सहलीचं ठरलं की पोरं खोल्या बघतात, भाऊजी गाड्या बघतात आणि जेवणाचं आपोआप माझ्याकडे येतं. या मे महिन्यात पुण्याची नणंद, तिचे जावई, नातवंडं असे सगळे जमले आणि पेंचच्या बाजूच्या एका रिसॉर्टवर जायचं ठरलं. आपल्याकडच्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी-शेवटी उघडतात आणि पुण्याकडच्या त्याआधीच, म्हणून त्यांच्या सोयीने मे.

आता आमची 22 माणसं कशी आहेत ते सांगते, कारण मोठं कुटुंब म्हटलं की लोकांना फक्त आकडा दिसतो. सासूबाई 82 वर्षांच्या. इन्सुलिन सकाळी आठला आणि रात्री आठला, टोचल्यावर अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे. धाकटी सून जैन घरातली. कांदा-लसूण नाही, बटाटा-गाजर नाही आणि चौविहार, म्हणजे सूर्य मावळला की अन्नपाणी बंद. मोठे भाऊजी गुरुवार करतात. नणंदेचे जावई सांगलीचे; त्यांना आपला तिखटपणा सोसत नाही आणि ते तसं कबूलही करत नाहीत, नुसते घामाघूम होतात. दोन पुतणे कॉलेजचे, त्यांचं पोट म्हणजे विहीर. बाकी सहा लेकरं, त्यातलं एक फक्त दहीभात खातं. एकाच ताटात हे सगळे बसवायचे असतील तर आधी आखणी लागते, आणि ती रिसॉर्टच्या दारात उभं राहून होत नाही.

म्हणून मी बुकिंगच्या आधीच फोन केला होता. इन्सुलिनचं सांगितलं, चौविहाराचं सांगितलं, किती माणसं, किती लेकरं, सगळं. पलीकडचा पोरगा गोड आवाजात "हो मॅडम, होऊन जाईल" म्हणत गेला. तिथे पोचल्यावर कळलं की तो पोरगा बसतो पुण्यात आणि स्वयंपाकघराला आमच्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती: 22 माणसं.

जंगलाजवळच्या रिसॉर्टचं जेवणाचं वेळापत्रक माणसांच्या भुकेवर चालत नाही, जिप्सीच्या वेळेवर चालतं. सकाळची सफारी उजाडता-उजाडता सुटते, ती परत यायला साडेनऊ-दहा होतात. दुपारची तीनच्या सुमारास सुटते, अंधार पडता-पडता परत. त्यामुळे पहाटे चहा-बिस्किट, नाश्ता दहाला, दुपारचा बुफे एकला, चारला पुन्हा चहा-पकोडे आणि रात्रीचा बुफे साडेआठनंतर. एका जिप्सीत सहा पर्यटक, म्हणजे आमच्या चार जिप्स्या लागल्या असत्या. पण सासूबाई जात नाहीत, दोन लेकरं पहाटे उठत नाहीत आणि त्यांच्याजवळ कोणीतरी थांबतंच. रिसॉर्टवर मागे थांबलेल्यांना आठला भूक लागते. तेव्हा स्वयंपाकघरात कोणी नसतं. सफारीहून आलेले दहाला नाश्त्यावर तुटून पडतात: पोहे, इडली, आलूपराठा, ऑम्लेट. एक वाजता बुफेची घंटा होते तेव्हा त्यांच्या पोटात सुईला जागा नसते. तरी पैसे भरलेत म्हणून जेवायला बसतात. मग तीन वाजता जिप्सीत झोपतात. वाघ दिसला तरी अर्ध्यांना उठवून दाखवावा लागतो.

संत्र्याचं तर विचारूच नका. नाश्त्याला "ताजा नागपुरी संत्र्याचा रस" असा फलक. मृगबहाराची संत्री एप्रिलपर्यंत संपतात हे नागपूरच्या माणसाला कोणी सांगावं लागतं का? रस डब्यातला होता. त्यापेक्षा कैरीचं पन्हं ठेवलं असतं तर फुकटात वाहवा मिळाली असती.

रात्रीचा बुफे सांगते. पनीर एका तांबड्या रश्शात, मशरूम दुसऱ्या तांबड्या रश्शात, दाल मखनी, जिरा राइस, मैद्याची नान, नूडल्स, मंचुरियन, तीन सॅलडं, गुलाबजाम. रश्शाच्या भांड्याखालचा बर्नर विझलेला. वर साय धरली होती आणि डावाने ढवळलं की कडेला तेल सुटत होतं. खानावळीत इतकी वर्षं काढल्यावर माझा हात आधी भांड्याला लागतो, जिभेला नंतर. गरम पदार्थ 60 अंशांच्या वर आणि थंड 5 अंशांच्या खाली, मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात, हा साधा नियम. मे महिन्यात पेंचच्या बाजूला उघड्या मांडवाखाली ठेवलेलं दही किती वेळ 5 अंशांवर राहील? मी वेटरला बर्नर दाखवला. त्याने बिचाऱ्याने लगेच पेटवला. वरून कॅम्पफायरही पेटवली होती. मे महिन्यात!

सासूबाईंनी आठला इन्सुलिन घेतलं नाही, कारण बुफे कधी लागेल याचा भरवसा नव्हता. सूनबाई तर संध्याकाळी सहालाच घरून आणलेल्या खाकऱ्यांवर जेवून मोकळी झाली होती. त्या दोघींचेही बुफेचे पैसे मात्र पूर्ण. पुतण्यांचेही तेवढेच, पण त्यांनी आपल्या वाट्याचं वसूल केलं, तो हिशेब सोडून देऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जंगलात गेले आणि मी पाय मोकळे करायला मागच्या बाजूला गेले. तिथे नोकरमंडळींचं जेवण चाललं होतं. जवळच्याच गावातली माणसं. ज्वारीची भाकर, कैरी घातलेलं वरण, तव्यावरचा कोरडा झुणका, बुक्कीने फोडलेला कांदा. वरणाला आलेला तो वास मी तुम्हाला कागदावर पाठवू शकत नाही. भाकरी करणारी बाई चुलीपाशीच होती. तिच्या परातीत पीठ मळताना एक थेंब पाणी बाहेर सांडत नव्हतं. भाकर तव्यावर टाकून तिच्यावर पाण्याचा हात फिरवला की ती उलटवण्यापुरतीच बोटं लावायची, मग थेट निखाऱ्यावर. प्रत्येक भाकर टम्म. मी विचारलं, हे आम्हाला का नाही वाढत?

"साहेब लोकं नाही खात ना जी हे," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तुमाले पायजे का, मावशी?"

मला पायजे होती. मी तिथेच पाटावर बसून अर्धी भाकर खाल्ली आणि सासूबाईंसाठी एक बांधून घेतली. मग तसाच मॅनेजरचा दरवाजा ठोठावला.

मॅनेजर तरुण होता, ऐकून घेणारा होता. त्याची बाजूही खोटी नाही. कोण किती वाजता येईल, काय खाईल, हे माहीत नसलं की बुफे मांडणं त्याला सोपं पडतं. दहा पदार्थ ठेवले की कोणी तक्रार करत नाही, निदान तोंडावर करत नाही. एकेका टेबलाची वेगळी मागणी घेत बसला तर स्वयंपाकघर कोलमडतं. हे मला कळतं, मीही चाळीस ताटं एका वेळी वाढलेली आहेत. पण आम्ही टेबल नव्हतो, पंगत होतो. 22 माणसं एकाच वेळी तेच जेवणार असतील तर बुफेपेक्षा त्याचंच काम कमी होतं. मी त्याला म्हटलं, दहा पदार्थ नको, चार दे. वेळ मी सांगते. माणसं मोजून देते. उरलं तर माझं, कमी पडलं तर माझं.

ठरलं ते असं. पहाटे निघणाऱ्यांना चहा आणि आमच्याकडचं सातूचं पीठ. मागे थांबणाऱ्यांना आठला गरम पोहे, तेवढेच मोजके. साडेअकराला सगळ्यांचं पूर्ण जेवण, म्हणजे नाश्ता आणि दुपारचं मिळून एकच. शेतावरच्या घरी हेच तर चालायचं. न्याहारी हलकी आणि जेवण बारा वाजायच्या आत. संध्याकाळी सहाला मुगाच्या डाळीची खिचडी आणि मठ्ठा तयार. सूनबाई सव्वासहाला जेवेल (तिने म्हणून सकाळचीच सफारी घेतली), सासूबाई आठला, बाकीचे जंगलातून आले की. खिचडी झाकणाच्या स्टीलच्या मोठ्या डब्यात भरून ठेवली की दोन तास हात लावू देत नाही इतकी गरम राहते.

जेवणाला काय करायचं यावर थोडा वाद झाला. त्यांच्या मुख्य स्वयंपाक्याला पनीरशिवाय पाहुणे जेवतात यावर विश्वास बसेना. मी गोळाभात सांगितला. पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगते: हरभऱ्याच्या डाळीचा भरडा घ्यायचा, त्यात तिखट, हळद, मीठ, जिरं आणि तेलाचं मोहन, पाण्याच्या हबक्याने घट्ट मळायचा, लिंबाएवढे गोळे करायचे आणि भात अर्धा शिजला की वर रचून झाकण घालायचं. भाताच्या वाफेवर गोळे शिजतात. वाढताना गोळा भातात फोडायचा आणि वरून फोडणीचं गरम तेल घालायचं. सोबत कढी.

पंगतीसाठी मी हा पदार्थ का धरते, त्याला कारण आहे. मूळ गोळाभातात कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. तो सूनबाईला चालतो, लेकराला चालतो, पथ्यवाल्याला चालतो. झणझणीतपणा सगळा वरच्या फोडणीत. आम्ही फोडणीच्या तीन वाट्या केल्या: एक नुसती मोहरी-हिंगाची, एक लसणाची आणि एक लसूण नि भिवापुरी मिरचीच्या तिखटाची. ज्याने-त्याने आपापली घेतली. सांगलीच्या जावयांनी पहिली घेतली आणि कोणी काही बोललं नाही. आपले तर्री पोहे तरी दुसरं काय आहेत? पोहे साधे, तर्री वरून, सोसेल तेवढी. मोठ्या कुटुंबाचं जेवण आखताना एवढं एक सूत्र धरलं तर वेगवेगळे पाच पदार्थ करावे लागत नाहीत. रिसॉर्टवाले उलट करतात. तिखट आतच घालून ठेवतात आणि मग लेकरांसाठी वेगळे नूडल्स, जैनांसाठी वेगळं पनीर, पथ्यवाल्यांसाठी वेगळं सूप.

मापं विचारणारे वाचक असतील म्हणून तीही देते. 22 माणसांना, त्यात सहा लेकरं, तांदूळ दीड किलो आणि भरडा पाऊण किलो. कढीला ताक तीन लिटर. भाकरी जोडीला आहेत म्हणून किलोभर ज्वारीच्या पिठाच्या तेरा-चौदा. सकाळच्या पोह्यांना माणशी 75 ग्रॅम पोहे धरावे, साबुदाण्याच्या खिचडीला तेवढाच साबुदाणा. फुलके करायचे तर किलोभर कणकेत पस्तीस-चाळीस होतात. भात सोबत असेल तर मोठ्या माणसाला तीन धरा, कॉलेजच्या पोराला पाच. पातळ वरणाला तुरीची डाळ माणशी 40 ते 50 ग्रॅम. गुरुवारचा उपास असला तर भगर आणि दाण्याची आमटी थोडी जास्तच करावी, कारण उपास नसलेलेही ताट पुढे करतात.

त्या दिवशी सगळे जेवून उठले तेव्हा गंजात खरवडण्याइतका भात उरला होता. आदल्या रात्रीच्या बुफेतलं किती फेकलं गेलं असेल, ते मागच्या दाराच्या ड्रमाकडे बघून मला दिसलं होतं. बिलाचं सांगायचं तर बुफेचा दर माणशी 600 होता, म्हणजे एका वेळेचे 13,200. गोळाभाताच्या पंगतीचं आम्ही घासाघीस करून उक्तं ठरवलं आणि ते निम्म्याच्याही खाली आलं. मॅनेजरला त्यातही सुटलं असणार, नाहीतर त्याने पुढच्या दिवशी स्वतःहून "आज पाटोडी रस्सा करायचा का" असं विचारलं नसतं. रस्सा अर्थात वेगळ्या भांड्यात.

आता आमच्यासारख्या घरांनाही दोन शब्द. काही मंडळी दुसऱ्या टोकाला जातात. गॅस, कुकर, पोळपाट, तेलाचा डबा गाडीत घालून निघतात. मग घरातल्या दोघी-तिघी खोलीच्या मागे स्वयंपाक करत बसतात आणि बाकीचे पाण्यात डुंबतात. रिसॉर्टला जाऊन पोळ्याच लाटायच्या तर घर काय वाईट? खोलीत गॅस पेटवणं धोक्याचं, ते वेगळंच. आमच्या घरी नियम आहे: शिजवणं रिसॉर्टचं, कोरडं घरचं, आणि कोरड्याचा डबा पुरुषांच्या ताब्यात. कोणाला भूक लागली तर "आई, काही आहे का" असं विचारायचं नाही, काकांना विचारायचं. पहिल्या दिवशी भाऊजींना लेकरांनी सळो की पळो केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेळाच ठरवून टाकल्या.

त्या डब्यात काय असावं हे हवेवर आहे. मे महिन्यात ओलं खोबरं नको, खव्याचं नको, दूध घातलेलं नको. दशम्या मी फक्त पहिल्या दिवसाच्या दुपारसाठी नेते आणि त्याच दुपारी संपवायला लावते. बाकी फुटाणे, मुरमुऱ्याचा चिवडा, फल्लीदाण्याची कोरडी चटणी, जवसाची चटणी, खाकरे, गुळाची ढेप, लिंबं, सातू. काकड्या आणि कैऱ्या आदल्या सकाळी गोकुळपेठेच्या बाजारातून. मीठ-साखरेचं पाणी करायला दोन्हींच्या पुड्या बाजूला, कारण उन्हात फिरून आलेल्या पोराला सरबतापेक्षा त्याची गरज जास्त. सकाळचा भात रात्री कोणालाही नको, कितीही चांगला दिसला तरी. चिखलदऱ्याला गेलात तर हवा थंड असते, तिथे एवढं जपावं लागत नाही. तिथली रबडीच खाऊ द्या सगळ्यांना. बाहेरचं अन्न आणू नये अशी पाटी पुष्कळ ठिकाणी असते. मी आधीच विचारते, कोरडा खाऊ आणि पथ्याचं चालेल ना? आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचा हिशेब लोक विसरतात. पॅकेजमध्ये पहिल्या दिवसाचं दुपारचं जेवण धरलेलं असतं. आपण कामठी-कन्हानच्या गर्दीतून निघून, मनसरला चहाला थांबून, देवलापारपर्यंत लेकरांच्या शू-शीसाठी थांबत-थांबत पोचतो तोवर तीन वाजतात आणि बुफे उठलेला असतो. पैसे गेले. म्हणून पहिली दुपार आमची दशम्यांची, आणि बुकिंगमध्ये रात्रीपासून जेवण धरा असं सांगायचं. बुकिंगवाले ईपी, सीपी, एमएपी, एपी अशी अक्षरं फेकतात. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही. जंगलाच्या रिसॉर्टवर बहुधा एपीच पुढे करतात. मोठ्या कुटुंबाने एमएपीच मागावा आणि त्यातल्या नाश्त्याच्या जागी साडेअकराचं जेवण मिळतं का ते विचारावं.

जेवणाचं बिल वेगळं होणार असेल तर कर किती तेही. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला 7,500 रुपयांच्या वर जातं तिथल्या जेवणावर 18 टक्के जीएसटी लागतो, त्याखालच्या ठिकाणी 5 टक्के. 22 माणसांच्या बिलावर हा फरक लहान नसतो. सेवाशुल्क तर आपोआप लावताच येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ती कायम ठेवली. ते द्यायचं की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवायचं. ऐकत नसतील तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मी त्या शुल्काला नाही म्हटलं आणि तेवढे पैसे भाकरीवाल्या बाईच्या हातात दिले. मॅनेजर बघत होता, बघू दे.

रिसॉर्टवाल्यांकडे माझं मागणं अवघड नाही. दहापेक्षा जास्त माणसं एकत्र येणार असतील तर दोन दिवस आधी त्यांच्याशी स्वयंपाकघराचा माणूस बोलू दे, बुकिंगचा नाही. पंगतीचा दर वेगळा ठेवा. पाच-सहा वैदर्भी जेवणं ठरवून टाका, गोळाभात-कढी, पाटोडी रस्सा, झुणका-भाकर, वडाभात, डाळभाजी, उन्हाळ्यात आमरस, आणि सांगा की यातलं कोणतंही उक्तं मिळेल. गावातल्या बचत गटाच्या बायका भाकरी करून देतील, त्यांनाही चार पैसे मिळतील. लेकरांचा दर उंचीवरून किंवा वयावरून लावता तो लावा, पण ज्या म्हाताऱ्या माणसाला अर्धी भाकर पुरते त्याच्यासाठीही काहीतरी दर असू द्या. आणि सकाळी आठला मागे थांबलेल्यांसाठी चूल पेटलेली असू द्या. चार जिप्स्या गेल्या म्हणजे रिसॉर्ट रिकामं झालं असं नसतं.

आणि संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती. पुढच्या वेळी यादी छापाल तेव्हा तरणतलावाच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने काढा. जेवणाच्या वेळा काय, आणि दहापेक्षा जास्त माणसांसाठी ठरवून जेवण मिळतं का. रिसॉर्टला फोन लावून आपल्या प्रतिनिधीने एवढं विचारावं, आणि उत्तर "होऊन जाईल" आलं तर तो रकाना रिकामा ठेवावा.

आपली नम्र,
एक माजी खानावळवाली काकू
प्रतापनगर, नागपूर

ता. क. : सातूचं प्रमाण नणंदेने दोनदा विचारलं, तेव्हा इथेच देते. एक किलो गहू पाण्याचा हात लावून तासभर झाकून ठेवावे, थोडे कांडून कोंडा पाखडावा आणि खमंग भाजावे. अर्धा किलो फुटाण्याची डाळ, दोन चमचे भाजलेलं जिरं, चार-पाच वेलदोडे घालून गिरणीतून दळून आणावं. गूळ आयत्या वेळी पाण्यात विरघळवून त्यात कालवावं. गिरणीवाल्याला आधी सांगावं, नाहीतर तो ज्वारीच्या पाठोपाठ दळून देतो.